बॉनेटपंडित

जुनी डिझेल पिकअप, म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेली गाडी, ऐन गर्दीत बंद पडली असता जो गृहस्थ कोणीही न बोलावता तेथे प्रकट होतो, बॉनेटच्या कडेवर कोपर टेकतो आणि चालकाला एकेरीत हुकूम देऊ लागतो, त्यास प्रस्तुत लेखात बॉनेटपंडित असे संबोधले आहे. तो मेकॅनिक नव्हे. मेकॅनिकाचे हात काळे होतात, बॉनेटपंडिताचा पायजमा मात्र संध्याकाळपर्यंत पांढराशुभ्र राहतो. त्याचा आढळ महाराष्ट्रात सर्वत्र असला तरी लासलगावच्या कांदा बाजारासारख्या ठिकाणी, जेथे वाहने रांगेने उभी राहतात, व्यापारी एकेका वाहनापाशी येऊन बोली लावतात आणि लिलाव झालेल्या गाडीने वजनकाटा करून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवण्याच्या आवारात, जायचे असते, तेथे त्याचे पीक विशेष जोमाने येते. कारण रांगेतील एक गाडी अडली की मागच्या प्रत्येक गाडीतून निदान एक पंडित खाली उतरतो.

त्याचा सर्वांत आवडता विकार म्हणजे ‘सेल्फ मारतो, पण गाडी चालू होत नाही’. सेल्फ ही बॅटरीच्या विजेवर इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर असून, या विकारात ती फिरते, तिच्याबरोबर इंजिनही घरघरत फिरते, परंतु स्वतःच्या बळावर चालू लागत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि नोझलमधून तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडोल्फ डीझेल याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हा शेजारी उभे राहून ‘प्लग काढून बघितला का?’ असे कोणी विचारल्याची नोंद नाही. लासलगावात मात्र हा प्रश्न हटकून येतो, आणि डिझेलला प्लग नसतो असे चालकाने दबल्या आवाजात सुचवताच ‘हीटर प्लगच म्हणतोय मी’ असे सांगून पंडित सहीसलामत सुटतो. हीटर प्लग म्हणजे थंडीत सिलिंडरमधील हवा आधी तापवून ठेवणारी कांडी, आणि त्या वेळी मे महिन्याचे ऊन असते.

वस्तुतः इंजिन जोमाने फिरत असेल तर बॅटरी आणि सेल्फ हे प्रथमदर्शनी निर्दोष ठरतात आणि डिझेल आत पोहोचते की नाही एवढा एकच प्रश्न अग्रभागी उरतो. त्याचे उत्तर बॉनेटखाली नसून गाडीच्या मागच्या टोकाला, सायलेन्सरच्या तोंडाशी असते: सेल्फ मारताना तेथून पांढरट धूर आला तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, आणि धुराचा मागमूसही नसला तर ते बहुधा पोहोचतच नाही. या परीक्षेला हत्यार लागत नाही आणि पैसाही लागत नाही. तरीही बॉनेटपंडित तिकडे फिरकत नाही, कारण तेथे श्रोते नसतात.

त्याची निदानपद्धती दाखल्यांवर चालते आणि दाखले नात्यागोत्यातील असतात. मेहुण्याच्या गाडीला असेच झाले होते आणि शेवटी पंप उतरवावा लागला, हे ऐकून मालकाचा चेहरा उतरतो. तोच दुसरा पंडित साडूच्या गाडीचा दाखला देऊन पंप वाचवतो आणि नोझलवर आरोप ठेवतो. क्वचित एखादा ‘एअर धरलीये’ असे म्हणतो, आणि या मताला मान द्यायला हवा. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ती दाबली जाते, पंपाचा दाब तिच्यातच जिरतो आणि नोझल उघडत नाही. यावर उपाय म्हणून फिल्टरवरील स्क्रू सैल करून छोटा हातपंप मारतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देतात. परंतु हे सांगणारा पंडितही हातपंप स्वतः मारत नाही, तो दुसऱ्याकडून मारवून घेतो.

त्याच्या कर्तृत्वाचा कळस बॅटरीच्या प्रकरणात दिसतो. गाडीकडे येता येताच ‘बॅटरी गेलीये’ असा निकाल त्याने दिलेला असतो आणि इंजिन खणखणीत फिरताना ऐकूनही तो मागे घेतलेला नसतो. त्यानंतर तो ‘मार, अजून मार, घेतीये बघ, घेतीये!’ असा धोशा लावतो, बिचारा चालक किल्ली धरून बसतो, आणि डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर वीज ओढत असल्याने थोड्याच वेळात घरघर मंदावते, मग नुसते ‘टक’ होते आणि मग तेही होत नाही. चांगली बॅटरी अशा रीतीने शास्त्रोक्त उतरवून झाल्यावर पंडित सरळ उभा राहतो, हात झटकतो आणि म्हणतो, ‘आल्या आल्या काय म्हणलो होतो मी?’ या युक्तिवादाला उत्तर नाही. पुढे धक्का मारण्याची गोष्ट निघते, तेव्हा त्याला लिलाव आठवतो.

अशा प्रसंगी दोष पुष्कळदा क्षुल्लक निघतो. पंपावर स्टॉप सोलेनॉइड नावाची विजेवर चालणारी झडप असते. किल्ली फिरवताच ती उघडते आणि डिझेलला वाट देते, पण तिची एकुलती वायर हादऱ्यांनी निसटली तर वाट बंद राहते आणि कितीही सेल्फ मारला, किंवा कितीही धक्का दिला, तरी गाडी चालू होत नाही. ही वायर बहुधा हौद्यात कांद्यावर बसलेल्या पोऱ्याला सापडते. बॅटरी तोवर संपलेली असल्याने शेजारच्या गाडीवरून केबल जोडून घ्यावी लागते, ती वायर खोचली जाते, इंजिन धडधडू लागते आणि केबलकडे बोट दाखवत पंडित रांगेला सांगतो की बॅटरीच होती.

पिकअपवाल्यांनी एवढेच करावे: सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, आणि पहिल्याच खेपेस एक विश्वासू माणूस सायलेन्सरपाशी उभा करावा, बॉनेटपाशी माणसे नेमावी लागत नाहीत.