आज नाय

पनवेल तालुक्यातला हौशी घोडेमालक ओळखायला घोडा दिसावा लागत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, मोबाइलमध्ये खिंकाळणारी रिंगटोन आणि लग्नाच्या पंगतीतही हातात वेताची छडी, एवढ्यावर ओळख पटते. विषय पाणीटंचाईचा असो की बारशाचा, तिसऱ्या वाक्याला तो 'आमच्या राजा'वर येतो. (घोड्याचे नाव राजा, बादल किंवा चेतक. चौथे नाव अजून पाहण्यात नाही.) खोगीर, रिकीब, खरारा, तोबरा, सगळा सरंजाम त्याच्यापाशी असतो. त्याला घोड्यावर बसलेला मात्र कोणी पाहिलेला नसतो. कधी बसणार म्हणून विचारले की उत्तर ठरलेले : "आज नाय."

खरेदी बहुधा सारंगखेड्याला होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या या यात्रेत मारवाडी आणि काठेवाडी घोडे येतात. घोड्याचे वय पुढच्या दातांच्या झिजेवरून काढतात. पाय टणक जमिनीवर चालवून बघतात, आणि घोडा लंगडतो की नाही हे दुडकी चालीत चटकन कळते. घोडेमालक जबडा उघडून आत बघतो खरा, पण दंतवैद्याकडे सोबत म्हणून गेलेला माणूस बघतो तसा. सौदा ठरतो तो अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर आणि रूपावर. गळ्याशी देवमण नावाचा शुभ भोवरा आहे, चार पाय आणि कपाळ पांढरे म्हणजे पंचकल्याणी आहे, उंची बासष्ट इंच आहे. मग घोड्याला चालता येते का, हा प्रश्न गौण ठरतो. ट्रकमधून राजा पनवेलला उतरतो तेव्हा आळी जमते. बसा की आता! "आज नाय. प्रवास झालाय." हा प्रवास पुढे दीड महिना पुरतो.

खाण्याच्या बाबतीत घोडा फसवा प्राणी आहे. धिप्पाड देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून थोडे थोडे आणि वारंवार खायला द्यावे, मुख्य भर चाऱ्यावर ठेवावा, चंदी, म्हणजे दाणा, कामाच्या हिशेबाने घालावी आणि पाणी सदैव समोर असावे. मोठा घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो. पनवेलच्या भातपट्ट्यात पेंढा मुबलक, पण त्यात कस कमी. त्याची भरपाई मालक हरभरा, गूळ आणि पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईने करतो. पूर्ण चंदी खाऊन नुसता उभा राहिलेला घोडा एकदम पळवला तर त्याचे मांड्यांचे स्नायू आखडतात. पूर्वी ओढकामाच्या घोड्यांना रविवारच्या सुट्टीनंतर हा त्रास सोमवारी होई. शास्त्रातले एवढे एकच कलम मालकाला तोंडपाठ असते. "आज नाय. चार दिवस उभा आहे, आखडेल." पाचव्या दिवशी अर्थातच तो पाच दिवस उभा असतो.

खुरांचेही तसेच. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. पनवेलच्या पावसाळ्यात ठाण ओले राहिले की खुराच्या तळव्याला काळी, घाणेरड्या वासाची कूज धरते. रोज खूर उचलून साफ करणे आणि खाली कोरडे ठेवणे, हाच इलाज. नाल नवा असेल तर "आज नाय, बसू दे जरा." जुना झाला तर "आज नाय, निसटेल." मधले चार आठवडे पावसाचे.

शिकवणीची सुरुवात पाठीवर बसून होत नाही. लांब दोराला बांधून घोडा गोलात फिरवायचा, दोन्ही बाजूंनी, आणि शब्द ऐकून थांबला की त्याच क्षणी थोपटायचे. उशिरा थोपटले तर शाबासकी कशाची ते त्याला कळत नाही. घोड्याला अगदी नाकासमोरचे आणि थेट मागचे दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे. चढायचे डावीकडून. कमरेला डावीकडे तलवार असे, त्या काळाची ही सवय. तलवार गेली, बाजू राहिली. हे सगळे घोड्याची निगा राखणारा मोतद्दार करतो. मालक गोलाच्या मध्यभागी प्लॅस्टिकच्या खुर्चीत असतो आणि घोडा फिरेल तशी खुर्ची फिरवतो. व्यायाम दोघांनाही होतो.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या कोड्याचे उत्तर पनवेलच्या पोराटोरांना ठाऊक असते : न फिरवल्यामुळे. माथेरानला, जिथे दिवसभर लाल मातीत राबणाऱ्या घोड्यांवर घरे चालतात, मालक सल्ला घ्यायला गेला, तर तिथल्या घोडेवाल्याने एवढेच विचारले, "काका, फिरवता का?" काकांनी परत येऊन माथेरानच्या घोडेवाल्यांना घोड्यातले काही कळत नाही, असे जाहीर केले.

मग घोडा घेतला कशाला? या प्रश्नाचे उत्तर गोठ्यात आहे. राजा उभा असतो ती जागा बैलांची. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये आली, खाचरांचे भूखंड झाले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळायच्या भूखंडांचे साडेबारा टक्के, साडेबावीस टक्के हे शब्द इथे पाढ्यांसारखे घोकले गेले. शेत गेल्यावर बैल विकले आणि गोठ्यात नवी मोटार लागली. मोटारीला पहाटे वैरण घालावी लागत नाही. जन्मभर चार वाजता उठलेल्या माणसाने चार वाजता करायचे काय?

अशाच एका मालकाच्या घोड्याला रात्री अकराला पोटशूळ उठला. घोडा पोटाकडे वळून बघत होता, पाय झाडत होता, लोळायला जात होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घातली आणि हळूहळू फिरवत राहा, लीद पडेपर्यंत खायला नको, असे सांगितले. मोतद्दार गावी गेलेला. साठी उलटलेला तो माणूस एका हातात दोर आणि दुसरा हात घोड्याच्या मानेवर ठेवून हायवेच्या सर्व्हिस रोडवर रात्रभर चालला. पायात रबरी चप्पल. बोलणे एकतर्फी, बहुतेक विकलेल्या बैलांविषयी. सकाळी पावणेसहाला रस्त्यावरच लीद पडली, तेव्हा त्याने जाणारी दुधाची गाडी थांबवून ती दाखवली.

दूधवाल्याने कौतुकाने पाहिले आणि म्हणाला, "बरा झाला की! आता घरापर्यंत बसून जा."

"आज नाय," मालक म्हणाला. "रातभर चाललाय तो."