दिसते का जी?

आमच्या भाऊजींनी कमरेला रिव्हॉल्वर लावलं, तेव्हा पहिला धोका झाला तो त्यांच्याच पॅन्टला. उजवीकडे पाऊण किलोचं लोखंड आणि डावीकडे नुसता रुमाल. बैठकीतून अंगणात येईपर्यंत पॅन्ट एका अंगाने उतरायला लागली. भाऊजींना पोट आहे, कंबर नाही. आजवर ती पॅन्ट निव्वळ श्रद्धेवर टिकून होती. ताई ओसरीवरून म्हणाली, "आधी पॅन्ट सांभाळा, मंग जीव."

भाऊजींची राइस मिल आहे. गोंदियात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. धानाच्या हंगामात शेतकऱ्यांचे, हमालांचे पैसे घेऊन त्यांना आमगाव, सालेकसा, कधी सीमा ओलांडून बालाघाटपर्यंत जावं लागतं. एकदा संध्याकाळी जंगलातल्या रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याने त्यांचा दहा किलोमीटर पाठलाग केला. भाऊजींनी गाडी पळवली, त्यानेही पळवली. शेवटी फाटकाशी गाठून तो म्हणाला, "काका, तुमची डिक्की उघडी आहे, पोतं पडून जाईन." त्या रात्री भाऊजींनी लायसन काढायचं ठरवलं.

आमच्या मुलखाला बंदूक नवी नाही. आमच्या आज्याकडे रानडुकरांपासून धान राखायला भरमार होती. नळीतून दारू ठासायची, छर्रे टाकायचे, आणि बार उडेपर्यंत डुक्कर शेजारच्या शिवारात पोचलेलं असायचं. पण ती लपवायची कशी, हा प्रश्न आज्याला कधी पडला नाही. ती लपवण्याइतकं कापड घरात नव्हतंच. पटकुरं नेसून, खांद्यावर भरमार टाकून आज्या बांधावरून चालत जायचा आणि लोक म्हणायचे, बुवा शेतावर निघाला. संपलं.

भाऊजींचं प्रकरण वेगळं. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, चालवायला शिकल्याचा दाखला, घरात कुलपाचं कपाट आहे की नाही याची खात्री, असं करत करत लायसन हाती आलं आणि त्यामागून बत्तीस बोरचं सहा गोळ्यांचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्वर आलं. सोबत एक अटही आली, जी भाऊजींनी वाचली नव्हती. मी निवृत्त मास्तर. कागद दिसला की वाचतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत असं आहे, की चारचौघांत पिस्तूल-रिव्हॉल्वर न्यायचं तर ते अंगावरच्या म्यानात किंवा पिशवीत हवं, आणि पूर्ण झाकलेलं हवं.

"पूर्ण?" भाऊजी म्हणाले.

"पूर्ण."

"मूठबी?"

"मूठही."

भाऊजी गप्प झाले. दोन वर्षं खेटे घालून मिळवलेली वस्तू कोणाला दाखवायची नाही, हे त्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी बहुधा कुत्रा पाळला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिंप्याकडे गेलो. बाजारातल्या बोळीत चाळीस वर्षं मशीन चालवणारा हा गृहस्थ. त्याने चष्म्यावरून भाऊजींच्या कमरेकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "वस्तू संगं आनली का?" तेव्हापासून आमच्या घरात त्या रिव्हॉल्वरचं नाव 'वस्तू' पडलं.

त्याचं म्हणणं असं, की माप वस्तूसकट घ्यावं लागतं. पॅन्टची कंबर दोन इंच जास्त, पट्ट्यासाठी लुपा दुप्पट जाड आणि पाचाऐवजी सात. पट्टा म्हशीच्या कातड्याचा, मऊ पट्टा वस्तूसकट वाकतो. शर्ट खोचायचा नाही. लांबी पट्ट्याखाली वीतभर. चार बोटं ठेवली तर हात वर केल्याबरोबर पितळ उघडं पडतं. पांढरं कापड बाद. "पांढऱ्यात बनियनचं भोक दिसते जी, हे तर लोखंड आहे." एकरंगी कापडावर उंचवटा दिसतो, चौकड्यात नजर फसते. आणि उजव्या बाजूला आतून जाड अस्तर, कारण रिव्हॉल्वरचा घोडा घासून घासून शर्टाला दोन महिन्यांत भोक पाडतो.

हे ज्ञान त्याच्याकडे कुठून आलं, मी विचारलं. तो म्हणाला, वस्तू नवी असली तरी धंदा जुनाच आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर रोकड घेऊन जाणाऱ्या मुनीमजींच्या बंड्या तोच शिवायचा. प्रत्येक बंडीला आतून चोरखिसा. "एका मुनीमजीचा असा पक्का शिवला का त्यायले सोताले सापडला नाही. धुवाले टाकली तं बायकोले सापडला. मंग ते माह्याकडे पुन्हा आलेच नाही."

चोरखिसा हा शब्द ऐकताच भाऊजींचे डोळे चमकले. "डाव्या बाजूनं एक लहानसा द्या," ते म्हणाले. "चष्म्यासाठी." भाऊजी चष्मा लावत नाहीत. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं तोंड उघडून पाहिलं, पुरतं उघडेना, आणि त्या दिवसापासून ताईने त्यांचा खर्रा बंद केला. म्हणजे बंद केला असं ताईला वाटतं. रोजची एकशेवीस तंबाखूच्या खर्र्याची पन्नी कुठून येते आणि कुठे जाते, हे गोंदिया जिल्ह्यात लपवाछपवीचं सगळ्यात यशस्वी उदाहरण आहे. शस्त्र नियमांना अजून तेवढं यश आलेलं नाही.

शेवटी ठरली ती सफारी. राखाडी, बारीक चौकड्याची, अर्ध्या बाह्यांची. आपल्याकडे सफारीची फॅशन कधीच गेली. आता ती उरली दोघांच्या अंगावर. एक, मुलीच्या लग्नात जुना कपडा घट्ट होतो का ते पाहणारे बाप. आणि दोन, मंत्र्यांच्या मागे हात बांधून उभे राहणारे अंगरक्षक. त्यामुळे झालंय असं, की वस्तू झाकण्यासाठी निघालेला हा पोशाखच वस्तूची जाहिरात करतो. सफारीतला माणूस इकडेतिकडे पाहताना दिसला, की बसस्टँडवरचं शेंबडं पोरही सांगतं, याच्याकडे आहे. हे भाऊजींना मी बोललो नाही. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी सफारी निवडली असावी.

सफारी अंगावर चढली. भाऊजी आरशासमोर उभे राहिले, डावीकडून वळले, उजवीकडून वळले.

"गुरुजी, दिसते का जी?"

"नाही दिसत."

"उजवीकून?"

"नाही."

"थोडंसंबी नाही?"

मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. शिंप्याने कमाल केली होती. भाऊजी फक्त थोडे जास्त जाडे दिसत होते.

"काहीच नाही."

त्यांचा चेहरा पडला. सफारीच्या बटणांशी चाळा करत ते म्हणाले, "मंग लोकायले समजन कसं?"

कायद्याने झाकायचं आणि इभ्रतीने दाखवायचं, या पेचातून भाऊजींनी आपल्यापुरती वाट काढली. दर पाच मिनिटांनी उजवं कोपर कमरेला लावून बघायचं. गर्दीत आपण पाकीट चाचपतो आणि पाकीट कुठल्या खिशात आहे ते पाकीटमाराला आपणच सांगतो, तसंच हे. आठ दिवसांत मिलमधल्या प्रत्येक हमालाला वस्तूची जागा, बोर आणि किंमत पाठ झाली.

खरी अडचण आली ती संस्कारांमुळे. अमेरिकेत निम्म्याहून जास्त राज्यांत कमरेला पिस्तूल लावायला परवानासुद्धा लागत नाही, आणि त्यासाठी आतून खास खिसे शिवलेले कपडे तयार मिळतात. टेक्सासमधल्या पुतण्याने भाऊजींना तसल्या कपड्यांचे फोटो पाठवले. त्यातला माणूस सडपातळ, जाकीट घातलेला आणि कोणाच्याही पाया न पडणारा. आमच्याकडे रोज चार जणांच्या पाया पडावं लागतं. कमरेत वाकलं, की सफारी पाठीवर चढते आणि म्यान आभाळाकडे तोंड करून बाहेर येतं. म्हणून भाऊजी पाठ ताठ ठेवून गुडघ्यातून खाली जायला शिकले. त्यावरून आत्याबाईंनी निदान केलं की जावयाची कंबर गेली, आणि मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली पाठवली.

त्यात डिसेंबरात आली पुतणीच्या लग्नातली व्याहीभेट. व्याही तिरोड्याकडचे, पैलवानी बांध्याचे, मिठी मारायची तर दोन्ही हातांनी उचलून मारणारे. आदल्या रात्री भाऊजींना झोप नाही. मला म्हणाले, "गुरुजी, प्रतापगडावर कसं केलं असन हो महाराजांनी?"

मी इतिहास तीस वर्षं शिकवला, पण हा प्रश्न या बाजूने मला कोणी विचारला नव्हता. १० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली लोखंडी टोप, मुठीत वाघनख, बाहीत बिचवा. घरातून निघताना कपड्यांचा इतका नेमका विचार केल्याचं दुसरं उदाहरण आपल्या इतिहासात मला सापडत नाही. आणि तेही मिठीत जायच्या तयारीने! पण महाराजांची समोरच्याच्या मिठीबद्दल खात्री होती, आणि भाऊजींच्या समोरचा माणूस जावयाचा बाप होता. शेवटी वस्तू घरच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. व्याह्यांनी भाऊजींना उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "काऊन, आज आनली नाही का?"

त्याच लग्नात वरातीतली पोरं मागे लागली होती, "मामाजी, एक हवेत होऊन जाऊ द्या!" वस्तू घरी आहे हे कबूल करायला भाऊजींची जीभ धजेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पोरांना २०१९ ची दुरुस्ती सांगितली. आनंदाच्या भरात हवेत बार काढला आणि कोणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाही तर लाखापर्यंत दंड, नाही तर दोन्ही. वरातीत शांतता पसरली. बँडवाल्याने मात्र मान डोलावली.

ताईचा या सगळ्यावर वेगळाच राग होता. २०१४ साली कानपूरच्याच कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं होतं, वजन अर्ध्या किलोच्या घरात, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. भाऊजींनी कौतुकाने तिला ते सांगितलं. ताई पोळ्या लाटत होती. "अन् साडीत कुठं खोचू? पदराले बांधू का निऱ्यात खोसू? निऱ्यात खोसलं तं निऱ्या सुटून जाईन, चोर लाजून पळून जाईन. त्याच्यासाठी सव्वा लाख कायले?"

मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. भाऊजींना पत्र आलं, वस्तू ठाण्यात जमा करा. त्यांनी ती जमा केली, पावती घेतली, पावतीची घडी सफारीच्या वरच्या खिशात ठेवली. आमचं मतदान १९ एप्रिललाच आटोपलं, पण देशाचं आटोपायला जून उजाडणार होता. तोवर वस्तू ठाण्यात.

मला वाटलं, सुटलो. गोंदियाच्या एप्रिल-मे महिन्यात डांबर विरघळतं, दुपारी दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. आता भाऊजी मलमलचा सदरा घालतील, पोटाला वारा लागेल. पण भाऊजी सफारीतच. जाड अस्तर, सात लुपा, म्हशीचं कातडं, वर रिकामं म्यान. घामाने सफारीचे चौकडे काळे पडायचे. तरी दर पाच मिनिटांनी कोपर कमरेला.

"भाऊजी, आता कायले?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "नाही घातली तं सगळ्या बजारले समजते का आता काहीच नाही म्हणून."

इतके दिवस वस्तू लपवली. आता वस्तू नाही, हे लपवायचं होतं, आणि हे काम जास्त अवघड निघालं. रिकामं म्यान पोटाखाली चपटं होतं, वजन नसल्याने पॅन्ट पुन्हा सरळ बसली, आणि सरळ पॅन्टीतले भाऊजी लोकांना ओळखू येईनात. "मालक, बारीक झाले का?" हमालांनी विचारायला सुरुवात केली. तेव्हा भाऊजींनी म्यानात काही तरी भरायला सुरुवात केली. काय, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात आमगावला लग्न होतं. भरदुपारची पंगत, वर पत्र्याचा मांडव, पंखे नुसतेच फिरणारे. ऐंशी ओलांडलेले आमचे मोठे मामाजी खुर्चीवर बसले होते. भाऊजी त्यांच्या पाया पडायला गेले आणि, वजन नसल्यामुळे असेल किंवा उन्हाने डोकं फिरल्यामुळे असेल, गुडघ्यातून न जाता सरळ कमरेतून वाकले. सफारी पाठीवर चढली. म्यान उघडं पडलं. आजूबाजूची पोरं दोन पावलं मागे सरली. म्यानाचं बटण सुटलं आणि त्यातून मामाजींच्या पायाशी टप्पकन पडली रबर बांधलेली, फुगलेली पन्नी.

बायकांच्या पंगतीतून ताई उठताना मला दिसली.

मामाजींनी काठीने पन्नी जवळ ओढली, उचलली, रबर सोडून नाकाशी नेली आणि मोठ्या आवाजात, कारण त्यांना ऐकू कमी येतं, म्हणाले, "हे बत्तीस नाही गा. एकशेवीस आहे."