उभ्याचा प्रश्न, बसून चर्चा

राळेगणसिद्धीत वर्षाला पाऊस पडतो जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून गावी परतले. मग गावानं श्रमदान केलं, बांध घातले, नाले अडवले, विहिरींना पाणी आणलं. अशा गावात बंगला बांधणाऱ्याला न्हाणीघरात स्वतःसाठी मुतारी बसवायची असेल, तर 'हौस' म्हणून भागत नाही. पाणीबचतच पुढे करावी लागते.

समजा, असा एक बंगला आहे. मालकाचा हिशेब बिनतोड : जुन्या टाकीचा फ्लश एका वेळी दहा लिटर ओढतो, मुतारीला एक-दोन लिटर पुरतं. बिनपाण्याचीही मिळते! हे तो सांगतो तेव्हा अंगणात चिरंजीव नळी सोडून गाडी धूत असतात. ते पाणी हिशेबात धरत नाहीत. गाडी म्हणजे प्रतिष्ठा.

गावची रीत म्हणून घरातच ग्रामसभा भरते. मिस्त्री विचारतो, "दोन फुटांवर बसवतात, पण नातवाचं काय? त्याला पाट देणार?" आजी म्हणते, "बसून केलं तर गुडघे झिजतात का रे तुझे? वर मग्गाभर पाणी ओतलं की झालं." सूनबाई एवढंच विचारते, "घासणार कोण?" सभेत शांतता.

खरं तर माहितीच्या अधिकारासाठी लढणारं हे गाव. सीट ओली कोण ठेवतं, याची माहिती सूनबाईनं रीतसर मागवावी. तिसाव्या दिवशी उत्तर येईल : 'सदर बाबीची नोंद या घरी उपलब्ध नाही.'

मुळात पुरुषाला मुतारीची टंचाई होती कधी? अख्ख्या महाराष्ट्राच्या भिंती त्याच्याच. म्हणून तर जिन्याच्या कोपऱ्यात गणपती, येशू आणि मक्केच्या फरशा शेजारी-शेजारी बसवाव्या लागतात. सर्वधर्मसमभाव असा ओल्या भिंतीवर नांदतो. बाईला पुण्याची एसटी धरायची असली की ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. 'पाणी अडवा' मोहीम ती अशी अंगावर राबवते, तीही विनाअनुदान. मुंबईत पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, या न्यायाविरुद्ध २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. तिथे सार्वजनिक जागा मिळेना, इथे खासगीत दुसरी हवी.

अखेर सूनबाईनं ठराव मांडला : मुतारी मंजूर. शेजारी खुंटीला ब्रश टांगावा. जो उभा राहील, त्यानंच घासावं.

ठराव बायकांच्या बहुमतानं संमत झाला. मालकानं घसा खाकरला आणि मिस्त्रीला म्हणाला, "तेवढ्या जागेत वॉशिंग मशीन बसतंय का, बघ जरा."