परखड सांगा हं!

‘अगदी परखड सांगा हं, मला राग येत नाही,’ असं म्हणणाऱ्याला राग येतोच, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कारण हे वाक्य बहुतेक वेळा मीच म्हणतो.

आमचं एक रविवारचं चित्रमंडळ आहे. पुण्याहून पहाटे निघायचं, एखाद्या घाटावर नाहीतर वाड्यासमोर फतकल मारून जलरंगात निसर्गचित्र काढायचं, मिसळ खायची आणि मग सगळी चित्रं ओळीने मांडून एकमेकांच्या चित्रांवर बोलायचं. मिसळीपर्यंतचा कार्यक्रम निर्धोक असतो. पुढच्याला आमचे सर ‘क्रिटिक’ म्हणतात. सर कला महाविद्यालयातून निवृत्त झालेले, त्यामुळे नियम कडक. आधी चित्रातल्या दोन चांगल्या गोष्टी, मग एकच सुधारणा. तीही ‘नाही जमलं’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. कुठे बिघडलं, का बिघडलं आणि काय केलं असतं तर सावरलं असतं, एवढं सांगायचं. आणि ज्याचं चित्र, त्याने मधे बोलायचं नाही. पुण्यात हा शेवटचा नियम पाळला जातो यावर बाहेरगावच्या लोकांचा विश्वास बसत नाही.

त्या रविवारी मेणवलीला गेलो होतो. वाईजवळ, कृष्णाकाठी. वर नाना फडणवीसांचा वाडा, खाली वळत गेलेला दगडी घाट, देवळं आणि वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा. ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथेच झालेलं. इतक्या चित्रकारांनी हा घाट रंगवलाय की तिथल्या म्हशीसुद्धा पोझ देऊन बसतात. मी देऊळ घेतलं, पायऱ्या घेतल्या, पाण्यातलं प्रतिबिंब घेतलं आणि तृप्त मनाने मिसळ खाल्ली.

माझ्या चित्रावर बोलायची पाळी आली ती मंडळातल्या आर्किटेक्ट मुलीवर. तिने चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाली, “कागद फार सुंदर आहे. 300 जीएसएम ना?” मी अभिमानाने मान हलवली. दुसरी चांगली गोष्ट सापडेना. शेवटी तिचा चेहरा उजळला. “आणि टेप काढल्यावर कडा एकदम स्वच्छ आल्यात!” म्हणजे एक श्रेय कागदाच्या गिरणीला आणि दुसरं चिकटपट्टीला.

“आता सुधारणा,” ती म्हणाली. “सावली सूर्याप्रमाणे सरकते, पण प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खालीच पडतं. तुमच्या देवळाचं डावीकडे गेलंय. पेन्सिलीने कळसापासून खाली सरळ रेघ मारून घेतली असतीत, तर चुकलं नसतं.”

मी ‘वारा होता’ म्हणणार, तेवढ्यात सरांनी बोट वर केलं.

खालच्या पायरीवर धुणं आपटत असलेल्या मावशी मघापासून हे ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत वर आल्या, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आवो, पाणी वर चढाय लागलंय का काय?” सगळे वाकले. खरंच, माझी कृष्णा वाईकडून पाचगणीच्या दिशेने चढ चढत होती. पलीकडचा काठ मी एका बाजूला वर उचलला होता. मावशींना दोन चांगल्या गोष्टींचा नियम लागू नव्हता. सर म्हणाले, आजचं सगळ्यात उत्तम क्रिटिक.

घरी आल्यावर दुखावलेल्या माणसाने जे करायचं तेच मी केलं: इतिहास वाचला. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की ग्रीक चित्रकार अपेलीझ आपलं चित्र बाहेर मांडून मागे लपायचा आणि लोकांचं बोलणं ऐकायचा. एकदा चपला शिवणाऱ्या कारागिराने चित्रातल्या चपलेतली चूक दाखवली. अपेलीझने ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तोच गडी खुशीत येऊन पायाबद्दल बोलू लागला, तेव्हा अपेलीझ बाहेर आला आणि म्हणाला, चपलेच्या वर जाऊ नकोस. मला हा किस्सा फार आवडला. फक्त मावशी पाण्याबद्दलच बोलल्या होत्या आणि पाण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्याचा उपयोग करता येईना.

दावा ठोकावा, तर तोही प्रयोग झालेला. कलासमीक्षक रस्किनने चित्रावर जहरी लिहिलं म्हणून चित्रकार व्हिसलरने त्याला कोर्टात खेचलं. 1878 साली खटला जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्याच वर्षी गृहस्थाचं दिवाळं वाजलं.

माझा खरा गुरू निघाला व्हेनिसचा व्हेरोनेझे. 1573 मध्ये धर्मन्यायालयाने त्याला बोलावून विचारलं, येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात हे विदूषक, बुटके आणि जर्मन शिपाई कशाला? तीन महिन्यांत चित्र सुधारा. याने नावच बदललं: ‘लेवीच्या घरची मेजवानी’. काम संपलं! मी ताबडतोब माझ्या चित्रामागचं ‘मेणवली घाट, सकाळ’ खोडून ‘मेणवली: एक भास’ असं लिहिलं. पुढच्या रविवारी सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.

इथवर मी घेणारा होतो. देणारा झालो तेव्हा खरा अनर्थ झाला.

उन्हाळ्यात पुन्हा मेणवलीच. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी नदीवरचं कोवळं ऊन इतकं हळुवार उतरवलं होतं की बघत राहावं. त्यांनी मला म्हटलं, “परखड सांगा हं.” हे वाक्य मी स्वतः किती खोटेपणाने वापरतो हे माहीत असूनही मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दोन चांगल्या गोष्टी एका दमात उरकल्या आणि सुधारणांना हात घातला. टोन, लॉस्ट एज, फोकल पॉइंट, होतं नव्हतं ते सगळं काढलं. काका शांत. ‘म्हणजे नक्की काय?’ एवढंच विचारलं त्यांनी. तेव्हा मी, दाखवतो म्हणून, पेन्स ग्रे या करड्या रंगाने निथळणारा ब्रश त्यांच्या आकाशाला लावला.

जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, पूर्ण ओला असतो तेव्हा काही बिघडत नाही, वाळल्यावर वरून लावलं तरी चालतं. पण चमक गेलेली आणि ओल राहिलेली, ही मधली वेळ वाईट. तेव्हा पाण्याचा थेंब पडला की तो आधीचा रंग ढकलत सुटतो आणि कडेला दातेरी किनार सोडतो. आम्ही त्याला कॉलीफ्लॉवर म्हणतो. काकांच्या कोवळ्या उन्हात बघता बघता एक भलाथोरला कॉलीफ्लॉवर उगवला. कोणी काही बोलेना. परतीच्या प्रवासात काका गाडीत माझ्या शेजारी बसले नाहीत.

पावसाच्या तोंडावर बालगंधर्व कलादालनात मंडळाचं प्रदर्शन लागलं. मी अपेलीझसारखा एका खांबामागे उभा राहिलो. माझ्या ‘भासा’समोर एक कुटुंब बराच वेळ रेंगाळलं, वर पंखा होता. गर्दी मात्र काकांच्या चित्रापुढे. त्यांनी नाव बदलून ‘वळीव’ केलं होतं. “काय ढग फुटलाय हो! हे मुद्दाम कसं जमवलंत?” एकाने विचारलं. काका खाकरले आणि कागदाची चमक जाते तो नेमका क्षण कसा पकडावा लागतो, हे सांगू लागले. मी वहीत लिहून घेतलं.

सरांनी काकांचा डेमो ठेवला. नेमका जुलैत. दमट हवेत कागद वाळायचं नाव घेईना, आणि काका थेंब टाकतील तो निमूटपणे वॉशमध्ये मिसळून जाई. पंधरावीस माणसं टक लावून बसलेली. अखेर काकांनी घाम पुसला आणि गर्दीत मला शोधलं. “तुम्ही या जरा,” ते म्हणाले, “आणि परखडपणे काहीतरी करा.”

मी ब्रश पेन्स ग्रेमध्ये बुचकळला, निथळता आकाशाला टेकवला. रंग अलगद, एकसारखा पसरत गेला. ना किनार, ना डाग. काकांनी वाकून पाहिलं.

“वॉश फार सुरेख बसलाय हो,” ते खिन्नपणे म्हणाले.