वाकेन तर मोडेन

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आमचा माहेरचा बाणा. बाबांनी तो साहेबाला ऐकवला, मी सासूबाईंना. फक्त मनातल्या मनात. एकसष्टाव्या वर्षी हाडांची डेक्सा तपासणी झाली आणि टी-स्कोअर आला उणे २.७. शाळेत गणितात भोपळा मिळायचा, पण शून्याच्या खाली प्रथमच उतरले. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, अर्थात ठिसूळ हाडं. म्हणजे इथे मात्र पास!

गोळ्या सुरू झाल्या. व्यायामासाठी डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

“काकू, पाठीची कमान करून पुढे वाकायचं नाही. ठिसूळ मणका पुढून चेपला जातो.”

बाणा तोच, फक्त क्रम उलटा. सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन बंद, पोटासाठीचे सिट-अप्स बंद, कमरेला पीळ देणं बंद.

“मग पोहू?”

“हृदयाला उत्तम. पण पाण्यात हाडांवर भार येत नाही, आणि भार आल्याशिवाय हाडं बळकट होत नाहीत.”

हाडं आणि आमचे हे, दोघंही एकाच वळणाचे. अंगावर पडल्याशिवाय हलायचं नाही!

आता मी रोज भरभर चालते, हात न टेकता खुर्चीतून दहादा उठते, दोन्ही हातांत मूगडाळीची अर्ध्या किलोची पाकिटं घेऊन दंड कमावते. ओट्याला धरून टाचा उचलते. तोलासाठी, ओट्यावर हात ठेवूनच, एका पायावर उभी राहते. विठोबासुद्धा दोन पायांवर उभा आहे, हे मी ह्यांना ऐकवून ठेवलंय. हाड मोडतं ते बहुधा पडल्यावर, म्हणून घरातली सरकणारी पायपुसणीही हद्दपार केली.

खाली पडलेला चमचा उचलायचा तर पाठ सरळ, गुडघे वाकवायचे आणि बसकण मागे न्यायची. चमचा उचलताना मी ऑलिंपिकला निघाल्यासारखी दिसते.

परवा एका बारशाला नव्वदीच्या आत्याबाई भेटल्या. त्यांची पाठ काटकोनात वाकलेली. त्यांच्या काळी मणक्यांची चौकशी कोण करणार? मी पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून नमस्कार केला. आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, “लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हिचा ताठा काही गेला नाही हो!”

आत्याबाई, जाऊ कसा देऊ? तो आता डॉक्टरांनीच लिहून दिलाय.