सैन्य मावळ्यांचंच

टेबलावरच्या लढाईसाठी पहिलं सैन्य कोणतं घ्यावं, यावर परदेशात हौशी मंडळी महिनोन्महिने खल करतात. भाजे गावात दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोराला ती चैन नाही. मावळेच घ्यायचे. मोगल व्हायला आळीत कुणीच तयार नसतो, त्यामुळे स्वराज्य दरवर्षी अजिंक्य. दरवाजाहून उंच भालदार, हळिवाच्या रानात वाघ, तोफेशेजारी गवळण. प्रमाणाचं विचारू नये.

डोक्यावरचा खरा लोहगड मात्र १६६५ च्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घ्यावा लागला. १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी शेजारचा उंच विसापूर घेतला, मग लोहगड आपसूक पडला. पण अंगणात विसापूर कोण करणार? त्या जागी बाबांची मोटारसायकल असते.