कोपर कुणाचं?

इरिना वेर्निंग नावाच्या अर्जेंटिनाच्या फोटोग्राफर बाईंवर माझा राग आहे. २०१० च्या सुमारास त्यांनी एक उद्योग मांडला. माणसाचा लहानपणीचा फोटो घ्यायचा आणि त्याच माणसाला, आता घोडा झालेला असला तरी, तसेच कपडे घालून, तशाच उजेडात, तस्सं बसवून पुन्हा टिपायचं. नाव दिलं ‘बॅक टु द फ्यूचर’. ब्युनोस आयर्सच्या बाईंचं हे खूळ डोंबिवलीत आमच्या घरी आणलं भाचीने. "मामा, आजीच्या पंचाहत्तरीला तुझा बोरन्हाणाचा फोटो पुन्हा काढायचाय."

मूळ फोटो काकाच्या आग्फा क्लिक थ्रीने काढलेला, कृष्णधवल. पाटावर काळ्या झबल्यात मी, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी. ताई कॅमेऱ्याकडे पाठ करून ओंजळीत बोरं भरतेय. वरून बोरं ओतणाऱ्या बाईचं मात्र फक्त कोपर आलंय. ते आपलं, असं आत्याचं म्हणणं. आपलं, असं काकूचंही. या कोपरावरून आमच्याकडे लग्नकार्यात रुसवेफुगवे झालेले आहेत.

दागिने घ्यायला ताईबरोबर दादरला गेलो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "बाळ केवढंय?" ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "मग जावयाचा सेट दाखवते." जावयाच्या सेटमध्ये हार होता, गुच्छ होता, नारळ होता, मनगटी घड्याळसुद्धा होतं. बासरी नव्हती. जावई झालेल्या माणसाला कोण बासरी देणार? त्याला घड्याळ बांधतात. शेवटी बासरी वेगळी करून घेतली.

मी पाटावर कसा बसलो आणि कुणी कुणी धरून उठवलं, ते सोडून देऊ. वयाने पोट सुटतं आणि गुडघे वाजतात, हे कळायला अर्जेंटिनापर्यंत जायला नको. गाडी अडली ती चेहऱ्यावर.

"मामा, हसू नकोस. फोटोत तू हसत नाहीयेस."

"कुठे हसतोय?"

हसतच होतो. समोर मोबाइल आला की माझे ओठ आपोआप फाकतात, पोट आत जातं आणि हनुवटी वर होते. हे कधी शिकलो देव जाणे. त्या काळ्या झबल्यातल्या पोराला यातलं काही येत नव्हतं. तेव्हा रोलवर बारा फोटो. संक्रांतीला घातलेला रोल संपेस्तोवर गणपती यायचे, मग तो धुवायला जायचा. आपण फोटोत कसे दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे बरं दिसायची घाईही नव्हती.

मग भाचीने जुना फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. बासरीचं टोक गायब होतं. माझा उजवा गाल टम्म फुगलेला. आजवर पाहुण्यांना ‘किती निरागस!’ म्हणून दाखवलेला चेहरा दागिना खाताना पकडलेल्या चोराचा होता.

"मग तसंच करायचं," मी म्हणालो आणि बासरीचं टोक मोडलं.

"अरे, शुगर!" ताई ओरडली. पण तोवर काटेरी हलवा गालात गेला होता आणि चेहरा आपोआप जमला होता. ताई स्वतःही कॅमेऱ्याकडे पाठ करून ठरल्याप्रमाणे खाली वाकली होती. फरक एवढाच की बँकेतून निवृत्त झालेली ही बाई आता ओंजळीवर न भागवता पदरात बोरं भरत होती आणि मध्ये आलेल्या नातवंडांना ढकलत होती.

बोरं ओतायला आत्या आणि काकू दोघी सरसावल्या. कुणीच मागे हटेना. त्यामुळे नव्या फोटोत दोन कोपरं आली आहेत.

पंचाहत्तरीला आईने दोन्ही फोटो शेजारी धरून, चष्मा वर करून पाहिले.

"यातलं एकही नाही," ती म्हणाली. "जुन्या फोटोतलं कोपर माझं आहे."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"